कंबर दुखतेय, मग लघवीचं का विचारता?

कंबरदुखी घेऊन आलेल्या माणसाला मी काही प्रश्न असे विचारते की समोरचा क्षणभर गप्पच होतो. लघवीला बसल्यावर धार लगेच सुरू होते की थोडं थांबावं लागतं? शौचाला कुंथावं लागतं का? बराच वेळ बसलं की माकडहाडाशी ठणकतं का? शरीरसंबंधाच्या वेळी दुखतं का? दांडिया बाजारातल्या एक काकू मला म्हणाल्या, “अगं, कंबर दुखतेय माझी. लघवीचं काय मध्येच काढलंस?” आणि दोन मिनिटांनी, आवाज खाली आणून, “तसा त्रास आहे गं. पण तो वेगळा ना?”

वेगळा आहे असं आधीच धरून चालू नये, एवढंच मला सांगायचं असतं. मी बडोद्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. ज्यांची कंबर महिनोन् महिने सुटत नाही, अशा पुष्कळांकडे एमआरआयची मोठी पिशवी असते, पट्टा वापरून झालेला असतो, गोळ्या तर चालूच असतात. पण ओटीपोटाच्या तळाकडे कुणी पाहिलेलं नसतं. आणि त्यांनीही सांगितलेलं नसतं, कारण कुणी विचारलेलं नसतं.

तळाशी काय असतं

पुढे जांघांच्या मधलं हाड, मागे माकडहाड, आणि दोन्ही बाजूंना आपण बसतो तेव्हा खुर्चीला टेकतात ती हाडं. या चौकटीत स्नायूंचे थर पसरलेले असतात. डॉक्टर त्यांना पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात. मी इथे तळाचे स्नायू म्हणेन. मूत्राशय, गुदाशय आणि बायकांमध्ये गर्भाशय यांना खालून आधार देणं, लघवी आणि शौच रोखून धरणं, वेळ आली की सोडणं, संभोगात साथ देणं, ही त्यांची कामं. पुरुषांनाही हे स्नायू असतात आणि त्यांचेही आवळतात.

कंबरेशी त्यांचं नातं दाबातून येतं. पोटाच्या पोकळीला वरून श्वासपटल (छाती आणि पोट यांच्या मधला पडद्यासारखा स्नायू), खालून हे तळाचे स्नायू, पुढून आणि बाजूंनी पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू, आणि मागून मणक्यांना चिकटून असलेले छोटे खोल स्नायू असा वेढा असतो. श्वास आत घेतला की श्वासपटल खाली येतं, आणि त्याबरोबर तळही किंचित खाली सरकतो. श्वास सोडला की दोन्ही वर जातात. बादली उचलताना, शिंकताना, नातवाला कडेवर घेताना पोटातला दाब वाढतो आणि या चौघांनी तो मिळून सांभाळायचा असतो. नुसता हात झटकन वर उचलला तरी हात हलायच्या क्षणभर आधी तळाचे स्नायू कामाला लागलेले असतात, हे मोजून पाहिलेलं आहे. म्हणजे कंबर स्थिर ठेवण्याच्या कामात ते सुरुवातीपासूनच सामील असतात.

दुसरं नातं जागेचं. यातले काही स्नायू थेट माकडहाडाला आणि त्याच्या वरच्या त्रिकोणी हाडाला जोडलेले आहेत. मांडी बाहेर वळवणारा एक खोल स्नायू श्रोणीच्या, म्हणजे ओटीपोटाभोवतीच्या हाडांच्या चौकटीच्या, आतल्या भिंतीवर असतो, आणि तळाच्या स्नायूंचा एक भाग त्याच्याच आवरणावरून निघतो. त्यामुळे खुबा ताठला की तळ ताठतो, आणि तळ ताठला की खुब्याची हालचाल कमी होते. मग वाकताना जे खुब्यातून व्हायला हवं ते सगळं कंबरेच्या मणक्यांवर येतं. शिवाय या स्नायूंमधली कळ नेमकी तिथेच जाणवेल असं नाही. ती ढुंगणात, जांघेत, खालच्या पोटात, कंबरेच्या अगदी तळाशी कुठेही उमटते.

आधी काय बिघडलं, कंबर की तळ? हे बहुतेक वेळा सांगता येत नाही, आणि सांगता आलं तरी उपचारात फारसा फरक पडत नाही. कंबर दुखायला लागली की माणूस नकळत सगळं आवळून चालतो, त्यात तळही आवळतो. तळ आवळलेला राहिला की कंबरेला मोकळेपणाने हलता येत नाही. दोन्ही एकमेकांना धरून राहतात, म्हणून दोन्ही बाजूंनी सोडवावं लागतं.

आवळलेलं म्हणजे मजबूत नव्हे

इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि त्यापायी लोकांचा त्रास वाढलेला मी पाहते, म्हणून जरा थांबून सांगते. तुम्ही सकाळपासून मूठ घट्ट आवळून ठेवली आणि दुपारी कुणी म्हणालं, “ही पिशवी धर,” तर बोटं आधीच थकलेली असतील. पकडही नीट बसणार नाही आणि मनगटापर्यंत दुखेल. तळाच्या स्नायूंचं असंच होतं. जो स्नायू सैल होऊ शकत नाही त्याच्याकडे आणखी आवळायला जागाच उरलेली नसते. म्हणून आवळलेला तळ अशक्तही असतो. खोकताना थेंब सुटतो म्हणून “माझे स्नायू ढिले पडलेत” असं समजणाऱ्या काही बायकांचे स्नायू तपासल्यावर ताठलेले निघतात.

आता केगेल व्यायामाचं, म्हणजे तळाचे स्नायू आवळून सोडण्याच्या व्यायामाचं. आर्नॉल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला, तो बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी. खोकताना-शिंकताना लघवी सुटते अशा बायकांना त्याचा खरोखर उपयोग होतो आणि आजही तो पहिला उपाय मानला जातो. पण मोबाइलवर व्हिडिओ बघून, कंबर दुखते म्हणून, स्नायू आवळलेले आहेत की सैल हे न तपासता दिवसाला शंभरदा आवळणं, याने ताठलेला तळ आणखी ताठतो. लघवीची धार मध्येच रोखून व्यायाम करायची सवय तर कुणीच लावून घेऊ नये. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होण्यात अडथळा येतो.

आपल्या बडोद्याला व्यायामाची मोठी परंपरा आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि तिथले व्यायामगुरू राजरत्न माणिकराव ही नावं मराठी घरांत अजून आदराने घेतली जातात. डभोईत १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे माणिकरावांकडे शिकले, तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढण्यापूर्वी त्यांनी बडोद्याच्याच रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत उड्डियान बंध आणि नौली या पोटाच्या योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे तपासलं होतं. बंध म्हणजे काय होतं, पोटातला दाब कसा बदलतो, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी याच गावात वैज्ञानिक पद्धतीने विचारला गेला, याचा मला अभिमान वाटतो. पण त्या परंपरेतली एक गोष्ट आपण विसरलो. बंध लावायचा असतो, ठरावीक वेळ धरायचा असतो आणि सोडायचा असतो. आपल्याकडे उरलं काय, तर “पोट आत, छाती पुढे” ही दिवसभराची आज्ञा. लहानपणापासून पोट आत ओढून चालणाऱ्या मुली पस्तिशीत माझ्याकडे येतात. श्वास घेताना त्यांचं पोट हलत नाही, फक्त खांदे वर जातात.

एवढं आवळतं कशाने

एकच कारण क्वचित असतं. बद्धकोष्ठ, मूळव्याध किंवा गुदद्वाराची चीर, बाळंतपणातले टाके, माकडहाडावर पडणं, लघवीचा वारंवार होणारा संसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), जिममध्ये श्वास रोखून वजन उचलणं. यांपैकी काहीही निमित्त होतं. दुखण्यापासून बचाव म्हणून स्नायू आवळतात आणि मूळ दुखणं बरं झाल्यावरही ती सवय राहते.

मनावरचा ताणही थेट इथे उतरतो, आणि ही नुसती म्हणायची गोष्ट नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात बायकांना चित्रपटाचे तुकडे दाखवून त्यांच्या स्नायूंची हालचाल नोंदवली. धोका दाखवणारं दृश्य आलं की खांद्याचे स्नायू आणि तळाचे स्नायू दोन्ही आवळत होते. म्हणजे भीतीने खांदे वर चढतात हे आपल्याला आरशात दिसतं, खाली चालू असतं ते दिसत नाही. घरात आजारपण असेल, परीक्षा असेल, सासरी नवं असेल, तर तळ आवळलेला असणं हे शरीराचं अगदी साधं उत्तर आहे. “सगळं तुमच्या मनात आहे” असं म्हणणारे इथे चुकतात. दुखणं स्नायूत आहे, आणि ते खरं आहे.

पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो एका कारणाचा, आणि ते पेशंटच्या हातातलं नाही. बायकांना दिवसभर लघवी रोखावी लागते. मकरपुऱ्याच्या कारखान्यात शिफ्ट असते, शाळेत तास असतात, मंगळ बाजारात दुकान असतं, एसटीचा चार तासांचा प्रवास असतो. स्वच्छ संडास नाही, किंवा आहे त्याला कडी नाही. मग सकाळी घरून निघताना गरज नसताना “जाऊन येते” म्हणून जायचं, दिवसभर पाणी कमी प्यायचं, बाहेर गेलंच तर कमोडला न टेकता अर्धवट उभ्याने उरकायचं. असं अधांतरी बसलं की मांड्या आणि ढुंगण ताठ राहतात, त्यामुळे तळ सैल पडत नाही आणि लघवी जोर लावून काढावी लागते. वर्षानुवर्षं रोज हे केल्यावर ते स्नायू सोडायचं विसरले तर नवल नाही. कामाच्या जागी स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह असणं हा कंबरेच्याही आरोग्याचा प्रश्न आहे, असं मी प्रत्येक ठिकाणी सांगते.

आणि एक बारीक गोष्ट: परकराचा नाडा. साडीसाठी तो इतका घट्ट बांधतात की संध्याकाळी कंबरेवर वळ दिसतो. पोटाला फुगायलाच जागा नसेल तर श्वास खालपर्यंत जाणार कसा? रुंद पट्टीचा परकर घ्या किंवा नाडा दोन बोटं सैल बांधा.

कंबरेबद्दल आधी थोडं निर्धास्त व्हा

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि सुमारे ९० टक्के कंबरदुखीत एखादं ठरावीक हाड किंवा चकती दोषी म्हणून दाखवता येत नाही. एमआरआयमध्ये “डिस्क बल्ज” (दोन मणक्यांमधली चकती बाहेर फुगणं) वाचून माणसं घाबरून बिछान्याला खिळतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, ज्यांना काहीही दुखत नव्हतं अशा लोकांचे स्कॅन पाहिले गेले. त्यांत पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांना डिस्क बल्ज होता. म्हणजे तो शब्द दिसला की त्यानेच दुखतंय असं ठरत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये याच संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिलं. व्यायाम, दुखण्याबद्दलची नीट माहिती आणि गरज असेल तर मानसिक आधार यांवर त्यात भर आहे. कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून ठेवणं) हे नेहमीचा उपाय म्हणून करू नये असं म्हटलं आहे. तळ आवळलेल्यांच्या बाबतीत पट्ट्याचा आणखी एक तोटा मला दिसतो: तो पोट बांधून टाकतो, आणि आपल्याला नेमकं उलट हवं असतं. शस्त्रक्रियेनंतर किंवा हाड मोडल्यावर डॉक्टरांनी पट्टा दिला असेल तर मात्र स्वतःच्या मनाने सोडू नका.

सोडायला शिकायचं, मग ताकद

सुरुवात श्वासाने. जमिनीवर चटई घालून पाठीवर झोपा आणि पोटऱ्या खुर्चीवर किंवा पलंगाच्या कडेवर ठेवा, म्हणजे खुबा आणि गुडघा काटकोनात येतील. एक हात खालच्या बरगड्यांवर, एक बेंबीखाली. नाकाने सावकाश श्वास घ्या. बरगड्या बाजूंना रुंदावू द्या, पोट वर येऊ द्या आणि श्वास आत येत असताना बसायची दोन हाडं एकमेकांपासून किंचित दूर जातायत असं मनात धरा. लघवी आपोआप सुरू होते त्या क्षणी जे सैल पडतं, ते हेच. श्वास सोडताना काहीही करायचं नाही, तोंडाने हलकेच सुटू द्यायचा. खाली जोर लावायचा नाही. सैल सोडणं आणि खाली ढकलणं यांत बायकांचा हमखास गोंधळ होतो. ढकलताना श्वास अडतो आणि पोट टणक होतं. तसं झालं की थांबा. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा पुरे. पहिल्या आठवड्यात बहुतेकांना “काहीच हलत नाही” असं वाटतं. तेही स्वाभाविक आहे; जे स्नायू वर्षानुवर्षं जाणवलेलेच नाहीत ते लगेच कसे जाणवतील?

याच श्वासाबरोबर काही स्थिती घ्या. बालासन (गुडघ्यांवर बसून पुढे झुकणं), पण गुडघे रुंद आणि छातीखाली लोड. पाठीवर झोपून तळपाय एकमेकांना लावून गुडघे बाजूंना सोडणं, मात्र दोन्ही गुडघ्यांखाली उशा हव्यात. लोंबकळत ठेवलेल्या मांड्या सैल पडत नाहीत. उकिडवं बसणं जमत असेल तर टाचांखाली घडी केलेलं पांघरूण घ्या आणि पलंगाचा पाय धरा. गुडघे दुखणाऱ्यांनी हे सोडून द्यावं, कमी उंचीच्या स्टुलावर पाय रुंद ठेवून पुढे झुकलं तरी काम होतं. प्रत्येक स्थितीत दोन-तीन मिनिटं, कळ न येईल एवढंच. गरम पाण्याची पिशवी कंबरेला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला लावली तर सैल सोडणं सोपं जातं. शेक घेताना कातडी भाजणार नाही हे बघा, मधुमेह असेल तर विशेष.

संडासातली बसण्याची पद्धत मी व्यायामाइतकीच महत्त्वाची मानते. तळातला एक स्नायू पुढच्या हाडापासून निघून गुदाशयाच्या मागून वळसा घेतो आणि त्याला पुढे ओढून धरतो. त्या वळणामुळेच शौच रोखलं जातं. उकिडवं बसलं की तो सैल पडतो आणि वाट सरळ होते. देशी संडासात हे आपोआप घडायचं. कमोडवर बसत असाल तर पायांखाली छोटा स्टूल किंवा लाकडी पाट ठेवा, गुडघे खुब्यापेक्षा वर, कोपरं मांड्यांवर. कुंथायचं नाही. पोट फुगवून श्वास सोडत राहायचं. मोबाइल बाहेर. नुसतं बसून राहण्याने तळावर ताण येतो, म्हणून पाच-सात मिनिटांत झालं नाही तर उठा, पुन्हा जाणीव झाली की जा. भाकरी, पालेभाजी, फळं यांनी भागत नसेल तर इसबगोल घ्या. आपल्या गुजरातेतच उंझा-सिद्धपूरकडे त्याचा मोठा बाजार आहे, आणि तरी लोक तो चमचाभर पाण्यात घेतात! भरपूर पाण्याबरोबर घेतला नाही तर तो उलट अडवतो.

लघवीचं सूत्र असं: पूर्ण टेकून बसा, धार आपली आपण सुरू होऊ द्या, ढकलू नका. दिवसात साधारण सहा ते आठ वेळा जाणं हे सर्वसाधारण. दर तासाला जात असाल तर अंतर हळूहळू वाढवा. आठ तास रोखत असाल तर कमी करा.

दिवसभरात स्वतःकडे लक्ष देण्याच्या काही जागा ठरवून घ्या. अ‍ॅक्टिव्हावर सिग्नलला थांबलात की बघा: दात आवळलेत? ढुंगण आवळलंय? पोट आत ओढलंय? एक श्वास सोडा आणि सगळं खाली बसू द्या. अशी आठवण दहादा झाली तर ती एका मोठ्या व्यायामाइतकी कामी येते.

आणि चाला. कंबरदुखीला झोपून राहणं हा उपाय नाही. कमाटीबागेत सकाळी पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा, हात मोकळे हलू द्या, दर काही दिवसांनी थोडं वाढवा. दुखणं थोडं जाणवलं आणि तासा-दोन तासांत उतरलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीपर्यंत वाढलेलं राहिलं तर अंतर कमी करा.

ताकदीचा भाग नंतर येतो, पण येतोच. नुसतं सैल करत राहणं पुरत नाही. श्वासाबरोबर तळाची हालचाल जाणवायला लागली, शौच-लघवी जरा सुधारली, की सेतुबंधासन (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं), खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, कडेवर झोपून वरचा पाय उचलणं सुरू करा. एकच नियम: जोर लावायच्या वेळी श्वास सोडा. पाण्याची कळशी उचलताना, गॅसचं सिलिंडर सरकवताना, नातवाला घेताना हाच नियम. खुब्यातून वाका, ओझं अंगाजवळ धरा, फुंकर सोडत उठा. काही जणांना यानंतर केगेलही द्यावे लागतात, पण त्यात आवळण्यापेक्षा दुप्पट वेळ सोडण्याला द्यायचा.

सहा-आठ आठवड्यांत काहीतरी फरक पडायला हवा. जुन्या दुखण्याला तीन महिने किंवा जास्तही लागतात. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. पाळीच्या आधी, प्रवासानंतर, घरात लग्न असलं की पुन्हा दुखतं. त्या दिवसांत ताकदीचे व्यायाम बाजूला ठेवा आणि श्वासावर परत या.

नवरात्राबद्दल दरवर्षी विचारतात म्हणून सांगते. गरबा बंद करायची गरज नसते. पण वर्षभर न चालता घटस्थापनेच्या रात्री तीन तास अनवाणी गिरक्या घेणं कंबरेला झेपत नाही. महिनाभर आधीपासून चालणं वाढवा, घागऱ्याची नाडी सैल बांधा, टाळीबरोबर श्वास सोडा, उड्या कमी घ्या, आणि मैदानावरच्या संडासाच्या भीतीने दिवसभर पाणी तोडू नका.

शरीरसंबंधात दुखत असेल तर ते सोसायचं नाही. दुखत असताना पुढे गेलं की स्नायू पुढच्या वेळी आधीच आवळतात. काही काळ थांबा, नवऱ्याला कारण सांगा, वंगण वापरा, आणि तज्ज्ञ व्यक्तीकडून टप्प्याटप्प्याने उपचार घ्या. याला उत्तम उपचार आहेत.

पुरुषांनी पुढचं नीट वाचावं

वृषण, शिश्नाचं टोक किंवा गुदद्वाराजवळ दुखणं, वीर्यस्खलनानंतर कळ, लघवीला वारंवार जाणं आणि सोबत कंबर धरणं. असे पुरुष अनेकदा “प्रोस्टेटला सूज” म्हणून पुन्हा पुन्हा प्रतिजैविकं घेतात, तपासण्यांत जंतू सापडत नाही आणि दुखणं राहतं. यातल्या बऱ्याच जणांचे तळाचे स्नायू दाबल्यावर दुखतात. आधी मूत्ररोगतज्ज्ञांकडून संसर्ग, खडा आणि इतर आजार नाहीत हे पाहून घ्या. मग वरचा श्वास, बसण्याच्या सवयी, चालणं हे सगळं तुम्हालाही तसंच लागू आहे. वृषणात अचानक तीव्र कळ आली तर मात्र एक तासही वाट पाहू नका.

कधी थेट इस्पितळात

जांघांच्या मध्ये, घोड्यावर बसलं तर खोगीर टेकेल त्या भागात बधिरपणा, लघवी अचानक अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, पायातली शक्ती कमी होत जाणं: यांतलं काही कंबरदुखीबरोबर नव्याने दिसलं तर रात्र असली तरी निघा. मणक्यातल्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची ती खूण असू शकते, आणि त्यात तासांचा फरक महत्त्वाचा असतो. तापासह कंबरदुखी, पडल्यानंतरची जोरदार कंबरदुखी, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, कारण नसताना वजन घटणं, लघवीत किंवा शौचात रक्त, रात्री झोपू न देणारं आणि वाढतच जाणारं दुखणं: यांसाठीही आधी डॉक्टर, व्यायाम नंतर. कंबरेच्या एका बाजूने जांघेकडे उतरणारी, लाटांसारखी येणारी कळ मुतखड्याची असू शकते. गरोदर बायकांनी यातलं काहीही विचारूनच करावं.

तपासणीची भीती

तळाचे स्नायू तपासायचे म्हणजे आतून तपासणी, हे ऐकूनच बायका मागे फिरतात. आतून, एका बोटाने केलेल्या तपासणीत कोणता स्नायू दुखतो हे सगळ्यात चांगलं कळतं, हे खरं. पण ती तुमच्या संमतीशिवाय होऊ शकत नाही, मध्येच “थांबा” म्हणता येतं आणि सोबत घरातल्या बाईला ठेवता येतं. अविवाहित मुलींची किंवा ज्यांना नको आहे त्यांची अशी तपासणी न करताही श्वास, पोट, खुबा आणि बाहेरून तळाची हालचाल पाहून उपचार सुरू करता येतात. कुणी समजावून न सांगता, परवानगी न घेता तपासू लागलं तर उठून या.

अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा: “तुम्ही पेल्व्हिक फ्लोअर तपासता का, आणि आवळलेल्या स्नायूंवर काम करता का?” उत्तर नुसतं “केगेल शिकवतो” असं आलं तर दुसरीकडे विचारा. जायच्या आधी तीन दिवस एका कागदावर लिहून ठेवा: लघवीला किती वाजता गेलात, शौचाला कुंथावं लागलं का, किती वेळ बसलात, कंबर कधी दुखली, पाळीचा कितवा दिवस आहे. तो कागद आणि जुने रिपोर्ट दोन्ही न्या, आणि आधी कागद पुढे करा.